टाकीच्या तोंडाशी

जपान्यांनी रबराचे मळे बळकावले तेव्हा सरकारने दोन हाडवैरी कंपन्यांना आमच्या कनाव्हा नदीकाठी एका छपराखाली आणलं. भांडा मागाहून, आधी कारखान्यात रसायनांपासून रबर बनवा आणि लष्कराच्या ट्रकांना टायर द्या, म्हणाले. मालकांचं जमलं. आम्हा कामगारांचं कुठलं जमतंय, हत्यारांपासून शिव्यांपर्यंत सगळं वेगळं.

माझा धाकटा भाऊ व्हर्लिन समोरच्या कंपनीतला, मी इकडची. थोरला पॅसिफिकमध्ये जहाजासकट बुडाला. व्हर्लिनला दम्यामुळे पलटणीत घेतलं नाही, म्हणून आई चर्चमध्ये गुडघे टेकून, देवाचे आभार मानत रडली होती. आता तिला तो एकच मुलगा.

त्या दुपारी तो रिकाम्या टाकीत उतरला, भिंतींना चिकटलेलं रबर लाकडी पट्टीने खरवडायला. त्याच्या कमरेच्या दोराचं टोक वर माझ्या हातात. काही झालं तरी दोर सोडायचा नाही, हा एक नियम दोन्हीकडे सारखा. आतून तो माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत होता. मग सहज म्हणाला, "ताई, चाक नीट ठेवलंयस ना?"

आमच्याकडे उतरणारा स्वतः वायूचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि त्याचं चाक काढून खिशात घालून जातो. त्यांच्याकडे ते काम वर थांबणाऱ्याचं, हे मला कुण्या मेल्याने सांगितलं नव्हतं. मी मान वळवली. चाक व्हॉल्व्हवरच होतं, आणि पलीकडे टाकीत वायू सोडणारा पंप घरघरायला लागला होता.

"वर ये."

"थांब गं, एवढं खरवडतो."

"व्हर्लिन, वर ये म्हणते ना!"

दोर व्हॉल्व्हपर्यंत पुरेना. मी तो सोडला आणि धावले. चाक हलेना, सगळं अंग टाकलं तेव्हा फिरलं. परत आले तर दोर आत पडलेला, टाकीतून पेट्रोलसारखा वास, आणि खोकलासुद्धा ऐकू येईना. आईला काय सांगू, एवढंच डोक्यात.

मग शिडीवर त्याचा हात दिसला. कॉलर धरून मी त्याला बाहेर ओढला. तो ओकला, आणि श्वास मिळताच माझ्यावरच खेकसला, दोर का सोडलास म्हणून. मी त्याच्या थोबाडीत दिली आणि तिथेच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी टाकी हवेशीर करून साहेबांनी आम्हालाच परत पाठवलं. टायर कुणासाठी थांबत नाहीत. या खेपेला व्हॉल्व्ह मीच बंद केला, चाक माझ्या मांडीवर. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "ताई, दोर सारखा ओढू नकोस ना."

मी ओढत नव्हते. माझे हात थांबतच नव्हते.