वरच्या मजल्यावरचा मोडेम

अफाफने खिडकीतून हात बाहेर काढून वरून आलेली वायर खसकन ओढली. वरच्या मजल्यावर काहीतरी आपटलं.

"तुटली तर नवी तुम्हीच आणायची, वहिनी!" तिचा दीर मिखाईल बाल्कनीतून ओरडला.

"चार वाजता माझी शाळेतली मुलं स्क्रीनवर शिकायला बसतात. उद्या परीक्षा आहे त्यांची. नेट सोड."

"चोराचं नेट कशाला हवंय?"

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात, अर्ध्या हैफा शहरासमोर, ती त्याला चोर म्हणाली होती. आठ महिन्यांपूर्वी तिचा नवरा तौफीक वारला, तेव्हापासून त्याचा फोन सापडत नव्हता. त्या फोनमध्ये तौफीकचा आवाज होता. फोन इस्पितळातच हरवला, असं मिखाईल मेलेल्या आईची शपथ घेऊन सांगायचा. रविवारी संध्याकाळीच खालचं नेट बंद पडलं.

"मोडेम माझ्या घरात आहे. तुम्ही गणिताच्या बाई ना? शोधा त्याचा पत्ता आणि घुसा आत!"

"सातवीत तुला काठावर पास केलं, तिथेच चुकलं माझं."

ती संगणकासमोर बसली. मुलांना सांगायची तसंच तिने स्वतःला सांगितलं: घाई नको. घरातून बाहेर जाणारं सगळं एकाच दारातून जातं, आणि ते दार कुठलं हे आपल्याच यंत्राला ठाऊक असतं. नेटवर्कच्या माहितीत, अगदी खालच्या ओळीत, त्या दाराच्या, म्हणजे मोडेमच्या, पत्त्याचे आकडे होते. तिने ते वहीत उतरवले, एकदा पडताळले, मग टाइप केले.

पान उघडलं. पासवर्ड मागू लागलं. मोडेम तौफीकनेच बसवला होता. तिने सासूचं नाव लिहिलं आणि ती आत गेली.

समोर जोडलेल्या यंत्रांची यादी आली. तिचा संगणक अडवलेला होता. तिने तो मोकळा केला. चार वाजायला सहा मिनिटं होती.

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती: 'तौफीकचा फोन'. शेजारी हिरवा ठिपका. आत्ता चालू.

वर खुर्ची सरकली. पावलं बाल्कनीपर्यंत आली.

"वहिनी?" आता आवाजात जोर नव्हता. "सापडला का पत्ता?"

"सापडला."

"मग... काय काय दिसतं त्यात?"

अफाफ ठिपक्याकडे बघत राहिली. आठ महिने वर कुणीतरी त्या आवाजासाठी तो फोन रोज चार्जिंगला लावत होतं.

"आकडे," ती म्हणाली. "नुसते आकडे."