चंदेरी रंगाखालची टाकी

हडपसरहून स्वारगेटकडे निघालेल्या बसमध्ये भाग्यश्री तायडेने पुढे केलेली नोट कंडक्टरने उलटसुलट करून पाहिली.

"मॅडम, दसऱ्याचा रंग नोटेलाही दिला वाटतं?"

तिने बोटं पाहिली. चंदेरी डाग.

कारखान्यांतल्या जुन्या टाक्यांचा पत्रा किती झिजलाय, हे यंत्र लावून तपासायचं आणि दाखला द्यायचा, हे तिचं काम. सकाळी तिने दाबाच्या हवेची एक टाकी तपासली होती. ठरावीक जागा खरवडून ठेवा, असा निरोप आधीच धाडला होता. यंत्राचं टोक उघड्या लोखंडावरच टेकवावं लागतं. जागा चकचकीत दिसल्या, तिला लोखंडच वाटलं. जाडी भरली गेल्या वर्षीपेक्षा जास्त, आणि तिला बरंच वाटलं होतं. लोखंड काय वयाबरोबर अंगाने भरतं? आणि उघड्या लोखंडाचा रंग कधी बोटांना लागतो?

तिथले मॅनेजर अभय कुदळे यांचा मोबाइल लागेना. दुपारी टाकीत हवा भरणार होते; पत्रा झिजलेला असला तर ती फुटायची. टाकीमागच्या भिंतीपलीकडे नव्या सॉफ्टवेअर कंपनीचं कँटीन, आणि जेवणाची वेळ. ती वैदुवाडीला उतरली, उलट दिशेची रिक्षा पकडली. प्रत्येक सिग्नलला तिचा पाय आपोआप दाबला जात होता, जणू ॲक्सिलरेटर तिच्याच पायाखाली होता.

कारखान्याच्या फाटकाशीच कॉम्प्रेसरची धडधड ऐकू आली.

"बंद करा. हवा सोडा."

"सकाळी तुम्हीच पास केलीत," कुदळे म्हणाले. "तुम्ही स्वारगेटला जाऊन येईपर्यंत म्हातारी झाली का टाकी?"

"सकाळी मी चुकले. आधी हवा सोडा, मग बोला."

टाकीची देखभाल तात्याराव करायचे. त्यांनी साहेबांकडे न बघताच व्हॉल्व उघडला. दाबाचा काटा शून्यावर आला. मग तिने खरवडायला पातं मागितलं, तेव्हा म्हाताऱ्याने मान खाली घातली. निरोपाप्रमाणे जागा खरवडल्या होत्या. पण खालच्या अंगाला गंजाचे खड्डे दिसले, म्हणून त्यांत लांबीचा लगदा भरून वर चंदेरी रंगाचा हात मारला होता.

"उद्या खंडेनवमी, ताई. जखमा उघड्या ठेवून हिला हार घालायचा का?"

तिने खरवडायला सुरुवात केली, तसं त्यांनी पातं तिच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः घासू लागले. लांबीचे टवके पडले. खाली पत्रा खड्ड्याखड्ड्यांचा, कागदासारखा पातळ. तिने पुन्हा यंत्र टेकवलं आणि आकडा कुदळ्यांना दाखवला.

भिंतीपलीकडून ताटांचा आवाज आणि कुणा मुलीचं हसू आलं. कुदळे तिकडे बघत राहिले.

"ऑर्डर आहे. दसऱ्यापुरती तरी—"

"नाही. आजपासून बंद."

सकाळचा दाखला तिने फाडला. निघताना तात्यारावांनी विचारलं, उद्या हार घातला तर चालेल ना?

"घाला. व्हॉल्व मात्र उघडाच ठेवा."

स्वारगेटला बिबवेवाडीची बस समोर येऊन लागली. भाग्यश्री चढली नाही. बोटं रुमालाला पुसत उभी राहिली. गेल्या दसऱ्याच्या तोंडावर पास केलेल्या टाक्या एकेक आठवत होत्या. सगळ्याच कशा चकचकीत होत्या.

बस गेली. तिने फोन काढला आणि त्यातल्या पहिल्या कारखान्याचा नंबर शोधू लागली.