घड्याचा तडा आणि माझी पाठ

मी एक खुर्ची बोलतेय. संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात, दोरीच्या पलीकडे दिसते ना, तीच मी. शंभराहून अधिक वर्षं लोक मला 'प्राचीन राणीची खुर्ची' म्हणत आले. राणी कसली नि काय! माझ्यावर बसली ती एका सुताराची लेक, आणि तीही शिंकत शिंकत.

माझा जन्म एकोणिसाव्या शतकातला. त्या काळी सगळ्यांना प्राचीन जगाचं वेड लागलं होतं. जमिनीतून फुटके पुतळे आणि भांडी निघत. एवढ्याशा तुकड्यावरून चित्रकार अख्खा महाल रंगवायचे आणि कवी त्या महालात एखादी रडणारी राजकन्या आणून बसवायचे. सुतावरून स्वर्ग गाठणं हा त्या शतकाचा आवडता उद्योग.

अशाच एका चित्रकाराला एका जुन्या घड्यावर रंगवलेली खुर्ची दिसली. ती कागदावर उतरवून घेऊन तो थेट माझ्या सुताराकडे आला. "अगदी अशीच हवी. तसूभर फरक चालायचा नाही."

सुताराने कागद उलटसुलट करून पाहिला. "साहेब, हिला दोनच पाय दिसतायत."

"बाजूने काढलंय हो ते. चार करा."

"आणि पाठीवरून ही वाकडी रेघ गेलीय, ती कसली?"

चित्रकार गंभीर झाला. "प्राचीन माणसं उगीच काही करत नसत. रेघ आहे तश्शी कोरा."

तो गेल्यावर सुतार लेकीला म्हणाला, "मला तर हा घड्याला गेलेला तडा वाटतोय गं. पण शहाण्याला कोण शिकवणार?" आणि त्याने ती रेघ माझ्या पाठीत कोरली. अगदी मन लावून कोरली, हे मात्र सांगायला हवं. पाय तर असे जोडले की आजतागायत मी कुरकुरले नाही. शेवटी मला पालथी घालून त्याने बैठकीखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले, 'बसायला मजबूत'.

राणी म्हणून बसवायला चित्रकाराला सुताराची लेकच पसंत पडली. तिला पातळ पांढरं कापड गुंडाळलं. मागे संगमरवरी खांब होता, म्हणजे चुना फासलेली फळी. पोरगी थंडीने काकडली होती.

"जुन्या काळी थंडी पडत नव्हती का हो?"

"हलू नकोस. तुझं राज्य बुडालंय."

"बुडणारच! एवढ्या मोठ्या महालात एक माणूस काम करताना दिसत नाही. भांडी कोण घासत होतं?"

चित्रकार हसला, पण भांडी घासणारी काही त्याने चित्रात घेतली नाही.

चित्र तुफान गाजलं. त्या राणीपुढे उभे राहून लोक डोळे पुसत. ते बघून एका कादंबरीकाराने तीन भागांची कादंबरी लिहिली; तिसऱ्या भागात राणी मला कवटाळून प्राण सोडते. मग नाटकवाल्यांनी माझ्यासारख्या खुर्च्या करवून घेतल्या, त्यांच्याही पाठीवर रेघ होतीच. ती रेघ म्हणजे देवाच्या हातची वीज, असा एका पंडिताने चाळीस पानी लेख लिहिला. मी मनात म्हणत होते, अहो, तडा आहे तो! पण खरं सांगते, ते कौतुक मला आवडत होतं. कुणाला आवडत नाही?

चित्रकार वारला आणि त्याचं सामान संग्रहालयात आलं. तिथल्या कारकुनाने मला चित्रावरून ओळखलं आणि राणीची पाटी लावून टाकली. लाकूड हजारो वर्षं असं टिकतं का, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही. खाली दुसरी पाटी आली, 'बसू नये'. पहिली खोटी होती, तिचं मला एवढं वाटलं नाही. दुसरीने मात्र जीव तुटला. खुर्ची आहे हो मी! आणि ज्याने मला बसण्यासाठी घडवलं, त्याचा तर कुठे उल्लेखही नव्हता.

गेल्या वर्षी मला पॉलिशसाठी डागडुजीच्या खोलीत नेलं. तिथल्या बाई एका घड्यावरचं जुनं लुकण खरवडत होत्या. कुणीतरी पूर्वी त्या लुकणाने फट बुजवून वरून रंग दिला होता. लुकण निघालं आणि खालचा तडा उघडा पडला. घड्यावर एक खुर्ची रंगवलेली होती आणि तडा नेमका तिच्या पाठीवरून गेला होता. बाईंनी घड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मला पालथी घातली, पेन्सिलीची अक्षरं वाचली आणि पोट धरून हसल्या.

संग्रहालयाचे साहेब मात्र हसले नाहीत. "आपली अब्रू जाईल. गाजावाजा न करता तळघरात टाका हिला."

तळघरात गेलेल्या वस्तूला पुढे फक्त वाळवी भेटते. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा घाबरले.

"साहेब, खोटी आपली पाटी आहे, खुर्ची खरीच आहे," बाई म्हणाल्या. "त्या शतकाने जुनं जग किती भाबडेपणाने पाहिलं, तडासुद्धा कसा पुजला, हे हिच्याइतकं सोपं करून कोण सांगणार?"

"अहो, पण इतकी जुनी ती. चार माणसांत मोडून पडली तर?"

बाईंनी हात झटकले आणि सरळ माझ्यावर बसल्या.

किती वर्षांनी माणसाचं ऊबदार वजन अंगावर आलं! साहेब कान देऊन ऐकत होते. मी चारही पाय घट्ट रोवले. माझ्या सुताराची शप्पथ, मी एवढासाही आवाज केला नाही.

आता तो घडा माझ्या शेजारीच असतो. नवी पाटी सांगते, 'एकोणिसाव्या शतकातली खुर्ची. पाठीवरची रेघ शेजारच्या घड्याच्या तड्यावरून. घडवणारा एक सुतार; त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.' लोक घडा बघतात, मला बघतात आणि हसतात. हसा की! मलाही हसूच येतं.

दर शुक्रवारी सकाळी बाई दोरी सोडून ठेवतात. तेव्हा एकदा शुक्रवारी या. चालून चालून पाय दुखले असतील तर मुळीच संकोच करू नका. पंडितांचं बरंच चुकलं, चित्रकाराचंही चुकलं. माझ्या सुताराने लिहिलेले दोन शब्द खरे की खोटे, ते तुम्हीच बसून बघा.