जहाजाच्या खोलीतलं दूध

आपण जहाजाची खोली बांधतोय, असं शेखरनं पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा धोंडाबाईंनी एकच गोष्ट विचारली, "दार पूर्वेला काढलंस का?"

शेखर खो खो हसला. "आई, जहाज फिरतं गं. त्याला कुठली आलीय पूर्व?"

"मंग खोली कशाला म्हणतोस? गाडी म्हण की," धोंडाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून मोकळ्या झाल्या.

पण होती ती खोलीच. नाशकात अंबडला शेखर नोकरी करायचा ती कंपनी. इतकी वर्षं दवाखान्याच्या खाटा नि ऑफिसची कपाटं बनवणारी. समुद्र बघायचा तर इथून घाट उतरून जावं लागतं, आणि यांना काम मिळालं ते पर्यटकांच्या भल्यामोठ्या जहाजातल्या खोल्यांचं! साधीसुधी खोली नाही, बाल्कनीची. बसा, चहा प्या, समोर समुद्र. आधी नमुना म्हणून एक खोली शेडमध्ये उभी करायची, परदेशातून माणसं येऊन ती तपासणार, पसंत पडली तर अख्ख्या जहाजाचं काम. डिझाइनचा सगळा भार शेखरवर. मालक खैरनार साहेब रोज येऊन पाठीवर हात ठेवायचे आणि रोज सांगायचे, "शेखर, नाक कापू नकोस हं आपलं."

आणि शेखरनं जीव ओतला, हे मानायलाच हवं. पलंगाचे कोपरे त्यानं गोल केले, अरुंद जागेत गुडघा आपटू नये म्हणून. पलंग बेताचा उंच ठेवला, म्हणजे सामानाच्या बॅगा सरळ खाली सरकतात आणि चालायला जागा राहते. रात्री कुणी पाय खाली टाकला की पलंगाखाली मंद दिवा लागतो, झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड येत नाही. टेबलाला बोटभर कड, जहाज हललं तरी पेला घसरायचा नाही. आरसा असा लावला की उशीवर डोकं ठेवूनही समुद्र दिसावा. शेजारच्या बाल्कनीकडची भिंत दारासारखी उघडते, दोन खोल्यांत मिळून एक कुटुंब आलं तर सगळ्यांना एकत्र बसता यावं म्हणून.

पण त्याची सगळ्यात लाडकी वस्तू वेगळीच होती. जहाजातल्या बाल्कनीच्या दाराला उंच उंबरा असतो, लाटेचं पाणी आत येऊ नये म्हणून. म्हातारी माणसं तिथं अडखळतात. शेखर दिवाळीला सिन्नरकडे गावी गेला होता, तेव्हा त्याला आईची एक सवय दिसली. ती उंबऱ्यावर कधी पाय देत नाही, ओलांडते. आणि ओलांडताना तिचा उजवा हात चौकटीवर एका ठरावीक जागी टेकतो. तिथला रंग गेला होता, लाकूड तुळतुळीत झालं होतं. यानं टेप काढून उंची मोजली. आई म्हणाली, "काय रं, दार विकायचंय का?" तीच उंची धरून त्यानं जहाजाच्या दाराशेजारी एक मूठ बसवली, हाताच्या वळणाची. कागदावर मात्र लिहिलं, 'ज्येष्ठ प्रवाशांसाठी'.

तपासणीच्या दिवशीच धोंडाबाई नाशकात होत्या, डोळे दाखवायला आल्या होत्या. त्या हटूनच बसल्या, "तुझी खोली जहाजावर गेली की मला कोण दावणार? आत्ताच ने." पाहुणे दुपारून येणार होते. शेखर सकाळी त्यांना घेऊन शेडमध्ये गेला. बाहेरच्या माणसाला आत न्यायची सक्त मनाई होती, पण त्या वेळी तिथं कुणी नव्हतं. धोंडाबाईंनी पलंग चाचपला, आरशात डोकावल्या, दिवा लागतो का ते बघायला तीनदा पाय वर-खाली केला आणि लहान पोरीसारख्या हसल्या. शेखरला फार बरं वाटलं. मग त्यानं त्यांना कँटीनमध्ये नेऊन बसवलं. स्वयंपाक करणाऱ्या सुमनबाईंना सांगितलं, "माझ्या आईला जेवू घाला, मी थोड्या वेळानं रिक्षात बसवून देतो."

तेवढ्यात फोन आला. पाहुणे लवकर निघालेत, पोचतच आहेत. झालं! एकच पळापळ. सगळी माणसं फाटकाशी हारतुरे घेऊन उभी, शेखरही टाय सारखा करत तिकडे धावला, आणि आई कँटीनमध्ये आहे हे पार विसरला.

धोंडाबाई मात्र वेगळ्याच विचारात होत्या. पोरानं एवढी खोली बांधली, नवी कोरी, आणि तिथं दूध कुणी उतू घालवलं नाही! नव्या वास्तूत पहिल्यांदा दूध उतू जावं, मग तिथं राहणाऱ्याला काही कमी पडत नाही. हे काय कुणाला सांगावं लागतं? पूर्वेचं तर पोरानं हसण्यावारी नेलं होतं. हे तरी आपण उरकावं. सुमनबाईंकडून त्यांनी पेलाभर दूध मागून घेतलं, हळद-कुंकवाची पुडी कमरेला होतीच. सगळे फाटकाशी गेल्यानं शेड रिकामी होती, त्या सरळ आत गेल्या. खोलीच्या टेबलावर पाहुण्यांसाठी चहाची विजेची किटली ठेवलेली. तसली किटली शेखरच्या घरी नात आरोही रोज लावायची, ते त्यांनी बघितलेलं. दूध ओतलं, बटण दाबलं, किटलीला हळद-कुंकू लावलं, हात जोडून उभ्या राहिल्या.

पाहुणे शेडच्या दारात पोचले आणि आत भोंगा कोकलायला लागला.

जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून धुराचा भोंगा शेखरनं मुद्दाम चालू ठेवला होता, पाहुण्यांना दाखवायला. त्यानं काम चोख केलं म्हणायचं! सगळे धावत आत गेले. दूध उतू जाऊन टेबलावरून खाली ओघळत होतं, करपलेला वास सुटला होता, आणि मधोमध नऊवारी नेसलेली एक बाई, हाताला हळद, चेहऱ्यावर समाधान. शेखरला बघून ती तोंडभर हसली.

"ही बाई कोण?" खैरनार साहेब ओरडले. "हिला आत कुणी सोडलं?"

शेखरनं वळून बघितलं. मागं दोन परदेशी पाहुणे उभे, एक उंच, पांढऱ्या दाढीचा साहेब आणि एक बाई. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. ही माझी आई, तीन शब्द. जिभेवर होते. पण त्यानं आईच्या पायांतल्या धुळीनं माखलेल्या चपला बघितल्या, दुधानं भिजलेला पदर बघितला, आणि बोलला ते भलतंच.

"साफसफाईची बाई आहे, सर. नवीन लागलीय."

मराठीत बोलला. धोंडाबाईंना समजायला काहीच अडचण नव्हती. त्यांचं हसू लगेच गेलं नाही, तसंच राहिलं जरा वेळ, उतरवायचं विसरल्यासारखं.

"मग बघताय काय मावशी, पुसा ते!" खैरनार साहेब म्हणाले.

गोंगाट ऐकून सुमनबाई फडकं घेऊन धावत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो साहेब, ह्या तर..."

"दे बाई इकडं फडकं," धोंडाबाईंनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "माझंच काम हाय ते." आणि गुडघ्यावर बसून त्या शेखरनं बांधलेल्या खोलीची जमीन पुसायला लागल्या. सुमनबाईंनी एकदा शेखरकडे बघितलं आणि त्या निघून गेल्या. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं, असं शेखरला झालं. पण कंपनीची फरशी भक्कम होती.

आता सांगून टाकावं, अजून वेळ गेलेली नाही, असं तो मनाशी म्हणत होता. पण दाढीवाल्या साहेबानं तोवर बघायला सुरुवात केली होती. भोंगा इतक्या चटकन वाजला यावर तो उलट खूशच झाला! दिवा, कड, आरसा, सगळं बघत तो बाल्कनीच्या दाराशी आला आणि त्या मुठीपाशी थांबला. हे कशासाठी, त्यानं विचारलं. शेखरनं इंग्रजीत समजावलं. मग त्या साहेबाची नजर फरशी पुसणाऱ्या म्हातारीकडे गेली. या आजींनाच ओलांडून बघायला सांगा ना, तो म्हणाला, त्यांच्याच वयाच्या लोकांसाठी आहे ना हे?

खैरनार साहेब बघत होते.

"मावशी," तो म्हणाला. स्वतःच्या आईला, मावशी! "हे दार जरा ओलांडून दाखवता का?"

धोंडाबाई उठल्या. पदराला हात पुसले. उंबऱ्यावर पाय न देता त्यांनी तो ओलांडला आणि त्यांचा उजवा हात न बघता वर गेला, बरोबर मुठीवर. जरासुद्धा चाचपडला नाही. बाल्कनीत उभं राहून त्यांनी तो हात तिथंच ठेवला आणि मुठीकडे बघितलं. मग शेखरकडे. त्यांना दिवाळीतली टेप आठवली असावी. शेखरनं मान खाली घातली.

"जणू यांच्याच हाताच्या मापाची आहे," साहेब म्हणाला. "ही उंची कशी काढलीत?"

"सर्व्हे केला आम्ही," शेखर म्हणाला. एकदा खोटं सुरू झालं की पुढचं आपोआप येतं.

"विचारा त्यांना, कसं वाटतं."

"मावशी, कसं वाटतं, विचारताहेत."

"बरं हाय, साहेब," धोंडाबाई म्हणाल्या. "तुमी लय चांगलं केलंय."

तुम्ही. साहेब. ज्या बाईनं त्याला अंघोळ घालताना पाठीत धपाटे घातले, ती त्याला अहो-जाहो करत होती, आणि तेही इतक्या सहज की कुणाला शंका येऊ नये. कुणी कानाखाली वाजवली असती तर शेखरला इतकं लागलं नसतं. दाढीवाल्या साहेबानं धोंडाबाईंना हात जोडले. खोली पसंत पडली. टाळ्या झाल्या, खैरनार साहेबांनी शेखरला मिठी मारली, पेढे फिरले. शेखरनं आपला पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

पाहुणे गेल्यावर तो कँटीनमध्ये गेला. धोंडाबाई फडकं धुऊन, पिळून, वाळत घालत होत्या. "चल आई," तो म्हणाला. गाडी निघाली. पाथर्डी फाट्यापर्यंत त्यानं चारदा घसा खाकरला.

"आई, मी मघाशी..."

"माझंच चुकलं रं," धोंडाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "येड्यावानी दूध तापवत बसले. तुझ्या कामाचा इस्कोट झाला असता. मला काय ठावं, ते बोंबलतं म्हणून."

"तसं नाही गं..."

"मेथी दिसली का बघ कुठं. आरोहीला आवडती."

काय करणार? तिनं रागवायला हवं होतं. 'लाज नाही वाटली तुला' म्हणून चारचौघांत झापायला हवं होतं, म्हणजे त्याला माफी तरी मागता आली असती. पण तिनं चूक स्वतःकडे घेतली आणि याला माफी मागायलाही जागा ठेवली नाही. त्यानं गाडी थांबवून मेथी घेतली.

रात्री जेवायला बसल्यावर बायकोनं, पूजानं, विचारलं, "काय आई, बघितली का मुलाची खोली? पाहुणे भेटले?"

शेखरनं घास ताटात ठेवला. सांगून टाकायचं, आत्ताच, बायकोपोरीसमोर. त्यानं तोंड उघडलं.

"भेटले म्हंजे?" धोंडाबाई त्याच्या आधी बोलल्या. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "लय मान दिला बाई. त्या गोऱ्या सायबानं हात जोडले मला. सगळ्यांच्या आधी मला दार ओलांडाया लावलं."

"खरंच?" आरोही ताट सोडून आजीजवळ सरकली. "त्यांना कसं कळलं, तू कोण ते?"

"तुझ्या बापानंच सांगितलं की. सगळ्यांम्होरं म्हणाला, ही माझी आई."

"वा!" पूजा म्हणाली. "मग फोटो दाखवा ना, साहेबांबरोबरचा."

"फोटू काढू देत न्हाईत तिथं," धोंडाबाई म्हणाल्या.

आरोही वळली. नववीतली पोर, बापाविषयीचा अभिमान तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "बाबा, तुम्ही खरंच असं म्हणालात? सगळ्यांसमोर?"

शेखरनं आईकडे बघितलं. धोंडाबाईंचा हात भाकरीवर थांबला होता. दिवसभरात पहिल्यांदाच त्या घाबरलेल्या दिसल्या. हा आता खरं बोलून बसेल, पोरीसमोर स्वतःची किंमत घालवेल, याची त्यांना भीती वाटत होती.

"हो," शेखर म्हणाला.

दुपारपेक्षा आत्ता त्याला जास्त लाज वाटली. दुपारी निदान घाई तरी होती.

धोंडाबाईंनी गरम भाकरी मोडून अर्धी त्याच्या ताटात टाकली. "जेव," त्या म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लं न्हाईस."