शपथेचा शिक्का आणि दोन नावांची सून

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. हल्ली आमच्या डोंगराळ देशाच्या राजधानीत, मासेरू शहरात, वकील रामाइलींच्या टेबलाच्या खालच्या खणात, एका मोडक्या स्टेपलरशेजारी पडून असतो. माझी लाकडी मूठ झिजली आहे आणि रबराचा एक कोपरा उडाला आहे. खरे सांगायचे तर बोलायचाही कंटाळा येतो. पण एका म्हातारीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला स्वस्थ पडवत नाही.

सीमेपलीकडच्या ब्लूमफाँटेन शहरात एका कारागिराने मला घडवले. ‘माझ्यासमोर शपथ घेतली’ ही अक्षरे त्याने माझ्या तोंडावर उलटी कोरली. रामाइली तेव्हा तरुण होते. मला उचलून ते म्हणाले होते, “हा आहे म्हणून मी वकील, नाहीतर नुसता बडबड्या.” ऐकून मी फुलून गेलो होतो.

मग कामाला जुंपलो तो जुंपलोच. कुणाला सीमेपलीकडे खाणीत राबणाऱ्या नवऱ्याजवळ राहायचा परवाना हवा असे, कुणाला वीस वर्षे परमुलुखात राबून तिथले नागरिकत्व. माणसे आधी रडत, मग सही करत आणि शेवटी मोठ्या आशेने माझ्याकडे बघत. मला फार संकोच वाटे. परवानगी देणारे दुसरेच होते. हे माणूस समोर उभे राहिले आणि खरे सांगतो म्हणाले, एवढेच मी सांगत असे. कागद जात आणि आणखी एक कागद मागायला परत येत. चपला झिजाव्यात तसा मी झिजत गेलो.

एका वर्षी ऑगस्टात, म्हणजे आमच्याकडच्या कडाक्याच्या थंडीत, सेमोन्कोंगच्या डोंगरातून माकात्लेहो आजी आणि तिची नात न्याकालो आल्या. न्याकालोची आई इंग्लंडमध्ये परिचारिका होती आणि लेकीला जवळ बोलावत होती. अर्ज एकदा परत आला होता. आईच्या पासपोर्टवर नाव होते पुसेलेत्सो. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव होते मान्याकालो. या दोघी एकच कशावरून, असे तिकडच्यांनी विचारले होते.

आमच्याकडे नवी सून आली की तिच्यासाठी मेंढी कापतात आणि सासरचे तिला नवे नाव देतात. मूल अजून पोटातही नसते, पण त्याचे नाव आधीच ठरवून त्याची आई म्हणून तिला हाक सुरू होते. मान्याकालो म्हणजे न्याकालोची आई. घरात हे शेंबड्या पोरालाही कळते. पण पुसेलेत्सोची शिक्षणाची प्रमाणपत्रे माहेरच्या नावाची, म्हणून तिने पासपोर्टही त्याच नावाने काढला. दाखला मात्र सासरच्या नावाने झाला. ही चूक आमच्याकडे घरोघरी होते.

न्याकालोचा बाप मागेच वारला होता. सुनेचे नाव ठेवताना हजर असलेल्यांपैकी फक्त आजी उरली होती. तिने शपथेवर सांगायला हवे होते. पण आजी घोंगडी घट्ट लपेटून, तोंड फिरवून बसली होती.

“आजी, नाव तुम्हीच ठेवलंत ना?” रामाइलींनी विचारले.

“ठेवलं. मेंढीही माझ्याच दारात कापली. सून आणली होती ती माझ्या घरात नांदायला. तिकडच्या म्हाताऱ्यांना औषधं पाजायला नव्हे! आणि इथल्या म्हातारीला पाणी कोण देणार? गाढव?”

“आजी, मी रोज फोन करीन ना,” न्याकालो म्हणाली.

“फोन चुलीसाठी शेण गोळा करील होय?”

पोरगी खाली मान घालून रडू लागली. रामाइलींनी लेखणी ठेवली.

“जबरदस्ती नाही, आजी. गप्प बसायचा तुम्हाला हक्क आहे. पण गुरुवारी ही अठरा वर्षांची होईल. त्याआधी अर्ज गेला नाही, तर लेकरू म्हणून तिला आईकडे जाता यायचं नाही. आज सोमवार आहे.”

रामाइलींनी उगाच कोरा कागद पुढे ओढला. “बरं, तुमचं नाव तरी लिहू द्या. माकात्लेहो. लग्नाआधीचं?”

“ते कशाला?”

“लागतं कागदात.”

आजीने घोंगडी सैल केली. “पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, “सेलोआने.”

“आजी, तुझं नाव सेलोआने?” न्याकालो डोळे पुसत म्हणाली.

“मग? जन्मतःच म्हातारी होते का मी?” आजी खेकसली आणि तिघेही हसले. हसता हसता आजीचेच डोळे भरले. “आई मला त्या नावानं हाक मारायची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले, तर तीसुद्धा म्हणाली, ये माकात्लेहो. रीतच होती. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या.”

नातीच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, “लिहा वकीलसाहेब. पुसेलेत्सो आणि मान्याकालो एकच बाई. नाव मी ठेवलं आणि तिनं ते निमूट घेतलं. लेक तिची आहे.”

तिने अंगठा उठवला. आता माझी पाळी होती. पहिल्या ठशाला मी पुसट उमटलो. पुसट शिक्क्यापायी अर्ज परत येतात हे मला ठाऊक होते, त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. रामाइलींनी माझ्यावर तोंडाची वाफ सोडली आणि सगळा भार देऊन दाबले. या वेळी अक्षर न् अक्षर उठले.

निघताना आजी अडून बसली. “आता माझाही एक कागद करा. सेलोआने आणि माकात्लेहो एकच.”

“तो कुठं द्यायचाय, आजी?”

“कुठं नाही. माझ्यापाशी ठेवायचाय.”

त्या कागदावर मी कसाबसा उमटलो. तिने तो घडी करून घोंगडीच्या आत ठेवला.

अर्ज बुधवारी गेला. पीचची फुले झडून फळे धरली, तेव्हा परवाना आला आणि न्याकालो गेली. पुढे रामाइलींनी आपोआप शाई घेणारा नवा शिक्का आणला. मला कुणी धुतले नाही की पुसले नाही. शाई तोंडावरच वाळली.

मित्रांनो, तुमच्याकडच्या जुन्या वस्तूंना अधूनमधून फडका मारत जा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिचे पहिले नाव विचारा, लिहून ठेवा. ते सांगणारे दुसरे कुणी उरत नाही.

गेल्या हिवाळ्यात आजी एकटीच आली. कागद घड्यांवर फाटला होता, ठसा उडाला होता. “पुन्हा मारा,” ती म्हणाली. रामाइलींनी नवा शिक्का उचलला.

“तो नको. जुना.”

मला बाहेर काढले. वाफ दिली, दाबले. काहीच उमटले नाही. मला फार लाज वाटली.

“राहू द्या,” आजी म्हणाली. “नुसतं वाचून दाखवा.”

रामाइलींनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचले, “सेलोआने.”

“ओ,” आजी म्हणाली.