भात्यातला उंदीर

"सूर आत झोपलेले असतात, चिमणे. भाता हलवला की डोळे चोळत बाहेर येतात."

बाबांचं हे बोलणं मी सहा वर्षांची असताना ऐकलं आणि तंतोतंत खरं मानलं. बाबा शिंपी, घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. दिवसभर शिलाई मशीन, संध्याकाळी मांडीवर अकॉर्डियन. कापडाचा काप बघून कात्री कुणाची ते सांगणारा माणूस. पण एका दुपारी त्या अकॉर्डियनचा भाता फाटलेला निघाला, तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाले, "उंदीर!" मी दाराआड उभी होते, हात पाठीमागे. ठिगळं लावून झाली, पण वाद्य दमेकऱ्यासारखं धापा टाकायचं. शेवटी ते माळ्यावर गेलं आणि दुकानात मांजर आली.

आता दुकानात त्या मांजरीची पणती आहे. आणि मी परदेशातल्या नोकरीतून पहिल्या सुट्टीला घरी निघाले होते.

निघायच्या आदल्या दिवशी जुनी वाद्यं विकणाऱ्या एका बाईकडे अकॉर्डियन घेतलं.

"वाजवता येतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग कशाला?"

"एक माझ्या हातून कापलं गेलंय."

परक्या भाषेत ते किती चटकन बोलता आलं!

सामानात टाकायला जीव होईना, म्हणून त्याच्या पेटीला शाल गुंडाळून पोटाशी धरूनच आणलं. भात्याचा पट्टा ढिला. उचललं की ते "हंऽऽ" करून उसासा टाकायचं. विमानाच्या रांगेतल्या एक आजी कळवळून म्हणाल्या, "अगं, भूक लागली असेल त्याला!" कस्टमच्या साहेबांनी पावती पाहिली, रीतसर शुल्क घेतलं आणि पेटी उघडायला लावली. एक पट्टी दाबून भाता ओढला, स्वतःच दचकले, मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "जिवंत आहे. न्या."

घरी बाबांनी पेटी उघडली. पट्ट्यांवरून बोटं फिरली, पण दाबली एकही नाही. भात्याच्या घड्या त्यांनी शिवण तपासावी तशा एकेक करून पाहिल्या. आणि झाकण लावून, पेटी लोखंडी ट्रंकेत ठेवून, वर कुलूप घातलं.

"अहो, वाजवा की!" आई म्हणाली. "पोरीनं तान्ह्या बाळासारखं आणलंय ते."

"नको. आपल्याकडचे उंदीर वाईट."

"इतक्या वर्षांत शेपूट दिसलं नाही कुणाला! मांजर बिचारी चिंध्यांत लोळून कंटाळली."

"तो साधा उंदीर नव्हता." बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घडीवरून सरळ रेघेत गेला होता. एक धागा इकडचा तिकडे नाही. इतका सफाईदार हात... दात म्हणतोय मी, दात... या दुकानात पुन्हा पाहिला नाही."

किल्ली त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवली आणि मशीनवर जाऊन बसले. सुईत दोरा होता, खाली कापड होतं, पण पाय काही हलेना. माझ्याकडे पाठ करून बसलेले बाबा, आणि पाठीला जणू कान फुटलेले.

मी किल्ली उचलली.

"बाबा, उंदीर नव्हता. मी होते. तुमची मोठी कात्री घेतली होती. मला झोपलेले सूर बघायचे होते."