लंबूला इस्त्री येत होती

मी इस्त्री बोलतेय. हो, तीच, जिची आठवण तुम्हाला घराबाहेर पडायला दहा मिनिटं उरली की होते. तेव्हा नेमकी वीज गेलेली असते आणि सगळ्या घराचा राग माझ्यावर निघतो. स्वभावानं मी तापट आहे, हे मान्य करते, पण उगाच कुणाला भाजणाऱ्यांतली मी नाही. फक्त एकदा माझ्याखाली एक कोट जळला. त्याचं खापर एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या वेंधळेपणावर फुटलं. तो वेंधळा नव्हता. पण हे त्या घरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तेव्हा माझं ऐकतंय कोण?

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथल्या एका बाईनं मला तापवून पाहिलं, निवल्यावर बुडावरून मऊ फडकं फिरवलं आणि खोक्यात घातलं. दुकानातून मला या घरातल्या आईनं आणलं. आणण्याआधी तिनं दुकानदाराला तीन वेळा वायर तपासायला लावली होती. मला ती बाई तेव्हाच आवडली.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीपाशी टेबल, त्यावर दुमडलेली घोंगडी, ही माझी जागा. बाबा एका मोठ्या हॉटेलच्या दारात उभे राहायचे. पाहुणा आला की दार उघडायचं आणि हसायचं, एवढंच काम, पण अंगावरच्या निळ्या कोटाला एक चुणी चालायची नाही. तो कोट आई इस्त्री करायची. सहा वर्षं केला. मग ती आजारी पडली आणि महिनाभरात गेली. बाबा पुन्हा कामावर निघायच्या दिवशी ताईनं टेबलापाशी येऊन माझी वायर लावली. ती सोळा वर्षांची होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि जमेल का असं कुणी विचारलंही नव्हतं.

तिच्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटा तो लंबू. चौदाव्या वर्षी असा काही उंच झाला की पँट दर तीन महिन्यांनी आखूड व्हायची. ताई वीस वर्षांची झाली तेव्हा तिला परगावच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. तीन वर्षं वसतिगृहात राहायचं होतं. पत्र हातात घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होती. आईच्या आजारपणात तिनं परिचारिकांना जवळून पाहिलं होतं. तेव्हापासून तिला तेच व्हायचं होतं.

निघायला दोन महिने होते. तिनं कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. लंबूला काय काय यायला हवं, त्याची यादी. भात. गॅस बंद करताना आधी काय, मग काय. पांढरे कपडे वेगळे भिजवणं. बटण लावणं. बँकेतली स्लिप भरणं. बाबांचं नाव त्या यादीत कुठेच नव्हतं, हे मला तेव्हाही खटकलं होतं. पन्नाशीचा धडधाकट माणूस, पण त्यांना काही शिकवता येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्याही नाही.

मग माझी पाळी आली.

"कॉलर आधी," ताई म्हणाली. "उलट्या बाजूनं, टोकाकडून मधे यायचं. मधून टोकाकडे गेलास तर तिथे चुण्या साठतात."

"साठू देत. कोण बघतंय?"

"बाबांचे साहेब बघतात. हे बघ, लंबू, तुला हे सगळं आलं की मी निश्चिंत मनानं जाईन."

"आणि नाही आलं तर?"

"तर कशी जाऊ मी?" ती हसत म्हणाली.

बस, एवढंच. तिच्या दृष्टीनं ती थट्टा होती. त्याच्या डोक्यात मात्र ते वाक्य घट्ट बसलं.

तेव्हापासून त्याला काहीच येईना. भात कधी करपला, कधी त्याची पेज झाली. बाबांचे पांढरे बनियन लाल टॉवेलबरोबर भिजले आणि गुलाबी झाले. लावलेलं बटण संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही. ताई आधी हसायची, मग समजवायची, मग नुसतीच कपाळ चोळत उभी राहायची.

एका शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. लंबूनं टेबल पुसलं, घोंगडी ताणून घातली, माझं बटण अचूक जागी फिरवलं. शाळेच्या शर्टावर पाणी शिंपडलं. कॉलर आधी, उलट्या बाजूनं. मग कफ, बाह्या, खांदा, पाठ. बटणांच्या मधून त्यानं माझं टोक इतक्या अलगद नेलं की आईची आठवण झाली. शर्ट उंच धरून त्यानं उजेडात पाहिला. खूश झाला होता पोरगा. आणि मग दोन्ही मुठींत धरून त्यानं तो चुरगाळला आणि अंगात घातला.

दोन महिने संपत आले, ताई सोमवारी निघणार होती. शुक्रवारी ती बॅग आणायला बाजारात गेली आणि जाताना बाबांचा कोट त्याच्या हवाली करून गेली. "लोकरीचा आहे, वर ओलं फडकं घाल," असं दोनदा बजावलं. त्यानं फडकं बाजूला ठेवलं. माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं, मला कोटाच्या छातीवर ठेवलं आणि हात काढून घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो रडत होता. वास सुटला, धूर निघाला, तरी तो जागचा हलला नाही. मला उचललं तेव्हा कोटाला तळहाताएवढं भोक पडलं होतं.

बाबा जुना, बाह्या आखूड झालेला कोट घालून कामावर गेले. साहेबांनी त्यांना दारातून काढून मागच्या गेटवर सामान उचलायला लावलं. नवा कोट मिळेपर्यंत चार महिने ते तिथेच होते. ताई जळका कोट मांडीवर घेऊन बसली. "माझंच चुकलं. घाई केली शिकवायला," म्हणाली.

"तू जा गं. आम्ही बघू काहीतरी," बाबा म्हणाले. पण म्हणताना ते कोटाकडेच बघत होते.

सोमवारी सकाळी तिनं खिडकीपाशी उभं राहून कॉलेजला फोन केला. घरी अडचण आहे, एवढंच सांगितलं. बॅग माळ्यावर गेली. पुढच्या वर्षी जाऊ म्हणाली, तर पुढच्या वर्षी बाबांचा गुडघा गेला. त्याच्या पुढच्या वर्षी लंबूची परीक्षा होती. मग कुणी विषयच काढला नाही. ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायला लागली. कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, हे ती म्हाताऱ्या माणसांना इतकं नीट समजावते म्हणे की लोक तिला सिस्टर म्हणतात.

लंबूनं ताईला घरात ठेवून घेतलं, पण तिच्या डोळ्याला डोळा भिडवणं सोडलं. शिवाय आता आयुष्यभर काही न येणं त्याला भाग होतं. मधूनमधून तो मुद्दाम भात करपवायचा. सात वर्षं त्यानं हे सोंग वठवलं.

मग त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. निघायच्या सकाळी ताई त्याची बॅग भरत होती आणि बोलत होती, "तिथे लाँड्री जवळ आहे का रे? जेवणाचं काय? तुला तर काहीच येत नाही. मी असं करते, महिन्याची रजा काढून येते तुझ्याबरोबर."

लंबू उठला. बॅगेतले पाचही शर्ट काढून त्यानं टेबलावर ठेवले आणि माझी वायर लावली. एकामागून एक पाच शर्ट केले. शिवण दोन बोटांनी ताणून धरायची ताईची सवय, तीही त्याच्या हातात होती. ताई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिसऱ्या शर्टाला तिनं कप खाली ठेवला.

"कधीपासून येतं तुला?"

त्यानं मला उभं केलं, बटण बंद केलं. "कोटाच्या आधीपासून."

मग ताईनं एक शर्ट उचलला, कॉलर उलटून पाहिली. "चांगली झालीय," म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगली."

"ताई, बोल ना काहीतरी. मार मला."

"चल. गाडी चुकेल तुझी."

तिनं पाचही शर्टांच्या घड्या घातल्या, बॅगेची चेन लावली आणि त्याला खालपर्यंत सोडायला गेली.

बाबा आता घरीच असतात, त्यामुळे मला काम नाही. मी फळीवर असते. माझी वायर वरून सोलवटली आहे, ती बदलायचं कुणाला सुचत नाही. ताई दुकानात तसेच, बिनइस्त्रीचे कपडे घालून जाते. दर रविवारी लंबूचा फोन येतो. ती विचारते, "जेवलास का?" तो म्हणतो, "हो." मग दोघं फोन ठेवतात.

मुलांच्या आयांनो, बाबांनो, तुमच्या पोरांना भात शिकवा, बटण शिकवा, माझं बटण कुठवर फिरवायचं तेही शिकवा. पण 'ताई, जाऊ नकोस, मला भीती वाटते' हेही तोंडानं बोलायला शिकवा. या पोराला ते शिकवायचं राहून गेलं. त्यानं तसं म्हटलं असतं तर ती त्याला जवळ घेऊन बसली असती, समजूत काढली असती आणि सोमवारी गेली असती.

आणि ताई, तुला एकच सांगायचंय. या रविवारी त्याचा फोन आला की जेवलास का विचारू नकोस. त्याच्यावर ओरड, मनात आहे ते सगळं बोल. इतकी वर्षं तो त्याचीच वाट बघतोय गं.